जुनी मॅट्रिक आणि आजची दहावी: दर्जाची तुलना कशी करावी

परीक्षांचा दर्जा पिढीगणिक घसरत गेला आहे का, या प्रश्नावर बहुतेक घरांत तपासणीआधीच निकाल लागलेला असतो. आजोबांच्या मते त्यांच्या वेळची मॅट्रिक आजच्या पदवीच्या तोडीची होती, तर नातवंडांच्या मते आजोबांना घोकंपट्टीशिवाय दुसरे काही करावेच लागत नव्हते. दोन्ही बाजूंना आपापल्या अनुभवाची खात्री असते, पुरावा मात्र कुणाच्याच हाती नसतो. महाराष्ट्राच्या दहावीपुरता हा प्रश्न दोन-तीन जुन्या-नव्या प्रश्नपत्रिका, एक गुणपत्रिका आणि पुरेसा संयम एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी किंवा शाळेत बराचसा तपासता येतो. पालकांनी, शिक्षकांनी किंवा वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे येथे मांडले आहे.

दर्जा घसरला असे जो म्हणतो, त्याला नेमके काय घसरले असे म्हणायचे आहे, हे सर्वांत आधी विचारून घ्यावे. अभ्यासक्रम सोपा झाला, प्रश्नपत्रिका सोपी झाली, तपासणी सैल झाली, की उत्तीर्ण होणाऱ्या मुलाला पूर्वीपेक्षा कमी येते, ही चार वेगवेगळी विधाने आहेत. त्यांतले एक खरे ठरले म्हणून बाकीची तीन आपोआप खरी ठरत नाहीत. अभ्यासक्रम वाढलेला असतानाच तपासणी सैल झालेली असू शकते. म्हणून कागदाचे चार भाग करून प्रत्येक विधानाला स्वतंत्र जागा द्यावी आणि मिळणारा प्रत्येक पुरावा कोणत्या भागात बसतो, ते त्याच वेळी लिहून ठेवावे. एवढे केले तरी निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

तुलना कोणाची कोणाशी?

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. विद्यापीठात प्रवेश कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी ती परीक्षा होती. शाळा पूर्ण केल्याचा दाखला देण्यासाठी ती नव्हती. पुढे १९४९ पासून एसएससी परीक्षा सुरू झाली, १ जानेवारी १९६६ रोजी आजचे राज्य मंडळ स्थापन झाले आणि १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा घेतली गेली. त्याआधीची ‘जुनी मॅट्रिक’ ही अकरावीला होती. हा मुद्दा तुलनेत वारंवार निसटतो. जुन्या अकरावीच्या विद्यार्थ्याने आजच्या दहावीच्या मुलापेक्षा एक वर्ष अधिक शिक्षण घेतलेले असे, त्यामुळे त्याच्या प्रश्नपत्रिकेची तुलना खरे म्हणजे आजच्या अकरावीच्या अभ्यासक्रमाशीही करून पाहायला हवी. घरातील ज्येष्ठ मंडळी कोणत्या सालची परीक्षा उत्तीर्ण झाली, ती फायनल म्हणजे सातवीची परीक्षा होती, जुनी अकरावी होती की १९७५ नंतरची दहावी होती, याची नोंद करूनच पुढे जावे.

दुसरी नोंद परीक्षार्थींची करावी. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते, २०११ मध्ये ते सुमारे ८२ टक्के झाले. २०२५ च्या दहावीला सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी बसले. जुन्या काळी चौथीत, सातवीत, आठवीत मुले गळत गळत जी थोडी मॅट्रिकपर्यंत पोहोचत, ती आधीच निवडली गेलेली असत. त्या निवडीत बुद्धीइतकाच घरच्या परिस्थितीचा, जातीचा आणि मुलगी की मुलगा याचाही हात असे. निकालाची टक्केवारी चांगली राखण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच थांबवणे किंवा त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगणे, हे प्रकारही शाळांशी संबंध असलेल्या कुणालाही नवे नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवण्याची पद्धत थांबली आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी ती पुन्हा शक्य झाली. म्हणजे दहावीच्या वर्गात बसलेली मुले कोण आहेत, हेच पिढीगणिक बदलत आले आहे. सरासरी खाली आली म्हणजे हुशार मुले कमी झाली, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही; ज्यांना पूर्वी वर्गात जागाच नव्हती ती मुले आता मोजली जात आहेत, हेही त्याचे कारण असू शकते. माझ्या मते या संपूर्ण वादात सर्वाधिक अन्याय याच मुलांवर होतो, कारण त्यांच्या येण्यालाच लोक दर्जाची घसरण म्हणून मोकळे होतात.

निकालाची टक्केवारी बाजूला ठेवावी

उत्तीर्णतेच्या टक्केवारीवरून दर्जा ठरवण्याचा मोह फार असतो, आणि तो का टाळावा हे पटवण्यासाठी तीनच वर्षांचे आकडे पुरेसे आहेत. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुले बारा टक्क्यांनी ढ झाली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असे कुणी म्हणणार नाही. २०१९ च्या परीक्षेपुरते भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेकडून मिळणारे वीस अंतर्गत गुण बंद केले होते आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले, हे त्यातले मोठे कारण होते. २०२० मध्ये तर टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरही झाला नाही. शंभर टक्के गुण मिळवणाऱ्यांची संख्या २०१८ मध्ये १२५ होती, ती २०१९ मध्ये २० वर आली आणि २०२० मध्ये २४२ झाली. नियम बदलला की आकडा बदलतो, म्हणून आकड्याआधी त्या वर्षीचा नियम पाहावा. २०२१ चा ९९.९५ टक्के निकाल तर लेखी परीक्षेविना लागलेला होता, तो कोणत्याच तुलनेत घेऊ नये.

एका मुलाच्या टक्केवारीबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. समजा, आजच्या एका विद्यार्थ्याला मराठीत ८८, हिंदीत ८४, इंग्रजीत ७९, गणितात ६१, विज्ञानात ८२ आणि सामाजिक शास्त्रांत ८७ गुण आहेत. सहाही विषयांची बेरीज ४८१ होते आणि ६०० पैकी ती ८०.१७ टक्के भरते. परंतु २०१० पासून सर्वोत्तम पाच विषयांचे सूत्र लागू असल्यामुळे गणिताचे ६१ गुण गळतात आणि उरलेले ४२० गुण ५०० पैकी ८४ टक्के होतात. आता शाळेकडे विचारणा करून त्याचे अंतर्गत, तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण घ्यावेत. प्रत्येक विषयात ते वीसपैकी एकोणीस असतील, तर सहा विषयांचे ११४ गुण वजा जाऊन लेखी परीक्षेतले ४८० पैकी ३६७, म्हणजे सुमारे ७६.५ टक्के उरतात. ८४, ८० आणि ७६ हे तिन्ही आकडे एकाच मुलाच्या एकाच परीक्षेतले आहेत. ज्या काळी सर्व विषय धरले जात आणि भाषांना शाळेकडून गुण मिळत नसत, त्या काळच्या गुणपत्रिकेशी तुलना करायची असेल तर तिसरा आकडा घ्यावा. कला आणि क्रीडेचे वाढीव गुण मिळाले असतील तर तेही वेगळे काढावेत. या गुणांना माझा विरोध नाही, चित्रकलेची ग्रेड परीक्षा देणाऱ्या किंवा मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला त्याचे श्रेय मिळालेच पाहिजे. पण ते श्रेय गणित-विज्ञानाच्या टक्केवारीत मिसळले की तुलना करणाऱ्याची दिशाभूल होते.

प्रश्नपत्रिका शेजारी-शेजारी ठेवणे

जुन्या प्रश्नपत्रिका मिळवणे वाटते तितके अवघड नाही. घरातील जुन्या पेट्या, शाळेचे ग्रंथालय, निवृत्त शिक्षक, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि जुने अपेक्षित प्रश्नसंच यांतून त्या सापडतात. त्याच काळातील पाठ्यपुस्तकही जवळ असावे, कारण पुस्तकातल्या उदाहरणातले आकडे बदलून विचारलेला प्रश्न आणि पुस्तकाबाहेरून आलेला प्रश्न यांतला फरक पुस्तक पाहिल्याशिवाय कळत नाही. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने आपली जुनी पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली आहेत, त्यांचा उपयोग करावा.

सुरुवात गणितापासून करावी, कारण तिथे मतभेदाला जागा कमी असते. आजच्या बीजगणिताची, म्हणजे गणित भाग एकची, चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका घ्यावी आणि तिच्यात एकूण किती गुणांचे प्रश्न छापले आहेत ते मोजावे. पहिल्या प्रश्नातील चार गुणांचे बहुपर्यायी आणि चार गुणांचे एकेका गुणाचे उपप्रश्न सोडले, तर पुढे सगळीकडे पर्याय आहेत: दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी दोन कृती आणि पाचपैकी चार उपप्रश्न, तिसऱ्यात दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन उपप्रश्न, चौथ्यात तीनपैकी दोन, पाचव्यात दोनपैकी एक. छापलेल्या प्रश्नांचे गुण साठ भरतात, लिहायचे असतात चाळीसांचे. त्या चाळीसांतले सात गुण ‘कृती पूर्ण करा’ या प्रकारचे आहेत, म्हणजे उदाहरणाच्या पायऱ्या छापून दिलेल्या असतात आणि मुलाने रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. आता जुन्या प्रश्नपत्रिकेत छापलेले गुण आणि लिहायचे गुण यांचे हेच प्रमाण काढावे, वेळ किती होता ते पाहावे आणि पायऱ्या आखून दिलेले प्रश्न होते का ते तपासावे. प्रश्न अवघड आहे की सोपा यावर दोन माणसे तासभर वाद घालतील, पण साठ आणि चाळीस या आकड्यांवर वाद होत नाही.

आशयाची तुलना करताना मात्र जुन्या उदाहरणांच्या दिसण्याने दडपून जाऊ नये. ‘एक मण तांदळाची किंमत १७ रुपये ८ आणे असेल, तर १३ शेर तांदळाची किंमत किती?’ असे उदाहरण आजच्या मुलापुढे ठेवले तर तो गांगरेल. मणाचे चाळीस शेर आणि रुपयाचे सोळा आणे हे एकदा सांगितले की १७ रुपये ८ आण्यांचे २८० आणे होतात, शेराला ७ आणे पडतात आणि १३ शेरांचे ९१ आणे म्हणजे ५ रुपये ११ आणे होतात. ही साधी त्रैराशिकाची रीत आहे, तिचा अवघडपणा मापांच्या कोष्टकांत होता. दशमान नाणी १९५७ साली आली, मेट्रिक मापे रुळली आणि असा प्रश्न सोपा होऊन गेला. त्यात मुलांचा काही दोष नाही. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असणाऱ्या माणसाचा तोंडी हिशेब आजही पाहत राहावा इतका सुंदर असतो, आणि ते कौशल्य शाळेने सोडून दिले याची मला मनापासून खंत वाटते. परंतु त्याच वेळी आजच्या दहावीला संभाव्यता, सांख्यिकी, अंकगणिती श्रेढी, निर्देशक भूमिती, तसेच जीएसटी आणि शेअर यांचे हिशेब आहेत, हेही लिहून ठेवावे लागते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना अनिवार्य असावे अशी शिफारस केली होती. त्याआधीच्या रचनेत ऐच्छिक विषयांच्या निवडीला जागा असल्यामुळे जुन्या मॅट्रिकच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सगळे गणित केलेले असेलच असे धरून चालू नये.

म्हणून तुलनेसाठी दोन्ही काळांत समान असलेले घटकच निवडावेत. वर्गसमीकरणे, समरूप त्रिकोण, पायथागोरसचे प्रमेय आणि वर्तुळ हे त्यासाठी उत्तम. भूमितीत एक गोष्ट बारकाईने पाहावी: प्रमेयाची सिद्धता मुलाने स्वतः पक्ष, साध्य, आकृती आणि कारणांसह लिहायची आहे, की अर्धी छापलेल्या सिद्धतेतील गाळलेल्या जागा भरायच्या आहेत. प्रमेय तेच असले तरी कोऱ्या कागदावर युक्तिवाद उभा करणे आणि दुसऱ्याने उभ्या केलेल्या युक्तिवादात योग्य शब्द बसवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दर्जाच्या चर्चेत मला हाच फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मराठीच्या पेपरात हा बदल आणखी ठळक दिसतो. जुन्या प्रश्नपत्रिकेत संदर्भासहित स्पष्टीकरण, स्वभावचित्रण, कवितेचा भावार्थ असे प्रश्न असत आणि पाठ मुलाच्या डोक्यात असावा अशी अपेक्षा असे. आजच्या कृतिपत्रिकेत उतारा छापून दिलेला असतो आणि त्यावर आकृतिबंध पूर्ण करणे, चौकटी भरणे, स्वमत लिहिणे अशा कृती असतात. त्यापुढे पत्र, बातमी, जाहिरात, कथालेखन अशा उपयोजित लेखनाला जागा असते. पाठांतराचे ओझे उतरले हे चांगलेच झाले, कारण जुने संदर्भासहित स्पष्टीकरण बहुतेक मुले मार्गदर्शकातून घोकूनच लिहीत असत. तपासणी करताना दोन्ही पेपरांत मुलाने सलग किती मजकूर स्वतःच्या वाक्यांत लिहायचा आहे, ते मोजावे. एका शब्दाची, एका वाक्याची, एका परिच्छेदाची आणि एका पानाची उत्तरे किती गुणांना आहेत, यांचे चार रकाने आखले की चित्र लगेच स्पष्ट होते.

मुलांकडून सोडवून घेताना

जुना पेपर आजच्या मुलांपुढे ठेवून ते कसे आपटतात हे दाखवण्याचा प्रकार अनेकदा होतो. त्यातून फारसे सिद्ध होत नाही, कारण जे शिकवलेच नाही ते येत नाही एवढेच त्यातून कळते. त्याचप्रमाणे पासष्ट वर्षांच्या निवृत्त कारकुनाचे पत्रलेखन आणि पंधरा वर्षांच्या मुलाचे पत्रलेखन यांची तुलनाही न्याय्य नाही, कारण मधल्या पन्नास वर्षांचा सराव पहिल्याच्या बाजूने असतो. जुन्या उत्तरपत्रिका तर केव्हाच रद्दीत गेलेल्या असतात. त्यामुळे समान घटकांवरचे जुने पाच आणि नवे पाच प्रश्न निवडावेत, जुनी मापे आणि जुनी परिभाषा आजच्या रूपात आणावी, कोणता प्रश्न कोणत्या काळातला हे न सांगता सर्व मिसळून द्यावेत आणि नमुना उत्तरे व गुणदान आधी ठरवून त्रयस्थ शिक्षकाकडून तपासून घ्यावे. मुलांना जुने प्रश्न लक्षणीय अवघड गेले, तर त्यांत काय वेगळे होते ते पुन्हा प्रश्नागणिक पाहावे: पायऱ्या अधिक होत्या, भाषा गुंतागुंतीची होती, की आकडेच किचकट होते.

तपासणी किती सैल झाली हा भाग बाहेरच्या माणसाला सर्वांत अवघड. तरी एक वाट आहे. निकालानंतर मंडळाकडे अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. अशी छायाप्रत हाती आली की प्रत्येक उत्तराला गुण का मिळाले, पायरीनिहाय गुण कसे दिले, अशुद्ध लेखनाचे गुण कापले की नाही, हे ज्येष्ठ शिक्षकाबरोबर बसून पाहावे. एका उत्तरपत्रिकेवरून राज्याच्या तपासणीबद्दल काही बोलू नये. पाच-सहा मिळाल्या तर निदान प्रवृत्ती दिसते.

मुलांना प्रत्यक्षात किती येते, हे मंडळाच्या परीक्षेतून कळतच नाही, कारण ती दरवर्षी नवी असते. ज्या चाचणीत वर्षानुवर्षे तेच विचारले जाते, तिच्याकडे त्यासाठी जावे लागते. ‘प्रथम’ या संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागातील मुलांना घरी जाऊन साधा मजकूर वाचायला आणि वजाबाकी-भागाकार करायला देते. त्यानुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण देशभरात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते आणि शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ४२.८ टक्के झाले. याला घसरण म्हणता येते, कारण मोजपट्टी तीच होती. इंग्लंडमध्ये २०१७ पासून दहावीच्या वयाच्या निवडक मुलांना दरवर्षी जवळजवळ तीच गोपनीय चाचणी देऊन मोठ्या परीक्षेच्या गुणदानाला आधार घेतला जातो. आपल्या मंडळाने गणित आणि मराठीसाठी असे काही सुरू केले, तर पुढच्या पिढीला अंदाजावर भांडावे लागणार नाही, आणि ही मागणी पालक-शिक्षक संघांनी लावून धरण्यासारखी आहे.

या पद्धतीने पाहता माझे मत असे बनले आहे की दहावीचा अभ्यासक्रम हलका झालेला नाही, उलट तो पसरला आहे. गुणांची मात्र किंमत उतरली आहे, कारण पर्याय, अंतर्गत गुण आणि सर्वोत्तम पाच यांमुळे ऐंशी आणि नव्वद यांतला फरक पूर्वीइतका काही सांगत नाही. आणि कोऱ्या कागदावर स्वतः सलग लिहिण्याची अपेक्षा खरोखर कमी झाली आहे. पहिल्या दोन गोष्टींची मला फारशी काळजी वाटत नाही, तिसरीची वाटते. वाचकाच्या हाती वेगळ्या सालच्या प्रश्नपत्रिका असतील तर त्याचा निष्कर्ष वेगळा येऊ शकतो. तो लिहिताना साल, विषय, छापलेले आणि लिहायचे गुण, आणि कोणते घटक तुलनेतून वगळले हे सोबत नोंदवावे, आणि यंदाची प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तक व मिळाली असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत त्या नोंदींबरोबर एकाच फायलीत लावून शाळेच्या ग्रंथालयात जमा करावी.